गॅस्ट्रिक बँडनंतर सूप, कढण, सार : कधी, किती आणि कुठवर?

सदाफुली (सिंहगड रोड)

वजन उतरवण्यासाठी पोटाला बँड बसवलेली माणसं पुण्यात आता फारशी भेटत नाहीत. भेटतात ती स्लीव्ह (जठराचा मोठा भाग कापून काढतात) नाहीतर बायपास (आतडं वळवून जोडतात) केलेली. त्यामुळे होतं काय, की बँडवाल्याला शेजारपाजारचे, ऑफिसातले लोक आपापले आहाराचे कागद मोठ्या प्रेमानं देतात आणि तो ते पाळत बसतो. सुरुवातीचे आठवडे सगळीकडे सारखेच दिसतात, पुढचा रस्ता मात्र वेगळा आहे. मी बँड घेऊन बरीच वर्षं काढली आहेत. नात्यातल्या एकीचं नुकतंच ऑपरेशन झालं, तिच्यासाठी लिहायला बसले, तर वाटलं इथेच लिहावं.

आधी रचना. जठराच्या अगदी वरच्या टोकाला, अन्ननलिका संपते तिथे खाली, सिलिकॉनची एक पट्टी गुंडाळतात. पट्टीच्या वर १५ ते ३० मिली मावेल एवढीच जागा राहते. वाळूच्या घड्याळाला मधे मान असते ना, तसं जठर दिसायला लागतं. पट्टीला आतून फुगा असतो, त्याची नळी पोटाच्या कातडीखाली बसवलेल्या पोर्टला जोडलेली असते. पोर्टमध्ये सुईनं सलाईन भरलं की मान आवळते, काढलं की सैल होते. जठर कापत नाहीत, आतडं वळवत नाहीत.

ही पट्टी सरकू नये म्हणून जठराचाच थोडा भाग तिच्यावरून ओढून टाके घालतात. ते टाके धरेपर्यंत उलटी, उमाळा, ओकारी काहीही होता कामा नये. पहिल्या आठवड्यांचा पातळ आहार असतो तो मुख्यतः यासाठी. वजन उतरवणं हा तेव्हाचा उद्देशच नाही. मला हे आधी कोणी नीट समजावलं असतं तर घरातल्यांशी कितीतरी वाद टळले असते, कारण ‘एवढंसं वरण-भात कालवून खाल्लं तर काय होतंय’ हे वाक्य रोज ऐकावं लागतं.

साधारण क्रम असा : पहिले एक-दोन दिवस पाणी, शहाळ्याचं पाणी, गाळलेलं पातळ सूप, तेही घोट घोट. मग दोन आठवड्यांपर्यंत सगळं पातळ, पण गाळलेलं. पुढचे दोन आठवडे मऊ लगदा. त्यानंतर मऊ घास, आणि सहा आठवड्यांच्या आसपास नेहमीचं जेवण, चावून. पहिलं सलाईनही बहुतेक वेळा त्याच सुमारास भरतात. तुमच्या सर्जनचा कागद यापेक्षा वेगळा असेल तर तोच पाळायचा, माझा नाही.

आता स्वयंपाकघर. आपल्याकडे आजारी माणसाला ‘वरणाचं पाणी’ देतात, म्हणजे डाळीवरचं निवळ. पहिल्या दोन दिवसांसाठी ठीक आहे. पुढे दोन आठवडे तेच देत राहिलात तर माणूस गळून जाईल, कारण प्रथिनं खाली डाळीत राहतात, निवळात नाही. मी करत होते ते मुगाचं कढण असं : पिवळी मूगडाळ चांगली मऊ शिजवायची, नेहमीपेक्षा दोन शिट्ट्या जास्त. रवीनं घोटायची. मग बारीक जाळीच्या गाळणीत घालून चमच्याच्या पाठीनं दाबून दाबून खाली उतरवायची. वर जो चोथा राहतो तो टाकायचा, खाली जे जाड, गुळगुळीत उतरतं त्यात गरम पाणी घालून सारखं करायचं. चमचा वाकडा केला की थेंब थेंब पडलं पाहिजे, गोळा पडला तर अजून पाणी घाला. हिंग, मीठ, आल्याचा रस, पाव चमचा तूप. फोडणी केलीच तर मोहरी-कढीपत्ता गाळून. गाळणी तुळशीबागेत मिळते ती स्टीलची घ्या, प्लॅस्टिकची जाळी दाबताना सुटते.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, ज्यासाठी हे सगळं लिहिते आहे : हा पातळ आहार संपतो. संपवायचा असतो. बँड भरल्यावर सूपवर दिवस काढणं म्हणजे बँड नसल्यासारखंच आहे. त्यावर प्रश्न येतीलच, तेव्हा लिहीन.

---

वेताळटेकडी

सदाफुलीताई, फार उपयोगी धागा. माझं ऑपरेशन होऊन दोन महिने होत आले. शेवटचा मुद्दा कळला नाही. सूप घेऊन मला छान हलकं वाटतं, अडकत काही नाही, त्रास काही नाही. मग तेच चालू ठेवलं तर वजन आणखी भराभर नाही का उतरणार? पोळी खाल्ली की छातीत बसते. सूप बरं की.

---

सदाफुली

वेताळटेकडी, सूप अडकत नाही हीच अडचण आहे.

बँड अन्न अडवण्यासाठी नसतो. नीट चावलेला छोटा घास त्या मानेतून हळूहळू, लाटा लाटांनी खाली ढकलला जातो. तो जाताना जठराच्या वरच्या भागावर जो दाब पडतो, तिथल्या नसा मेंदूला कळवतात की पुरे. मेलबर्नचे सर्जन पॉल ओब्रायन यांनी बँडवर अनेक वर्षं काम केलं. घास छोटा, चांगला चावलेला आणि दोन घासांमध्ये जवळजवळ एक मिनिट, असं त्यांचं सांगणं. त्याचं कारण हेच. घन घासाला जायला वेळ लागतो, दाब टिकतो, आणि वाटीभर जेवणावर तीन-चार तास भूक लागत नाही.

पातळ पदार्थाला मान लागतच नाही, सरळ खाली. दाब नाही, म्हणून तृप्ती नाही. तासाभरानं परत भूक. मग पुन्हा सूप, पुन्हा चहा, पुन्हा ताक, मधे एखादं बिस्किट चहात बुडवून. दिवसाच्या शेवटी बेरीज केलीत तर दोन वेळच्या जेवणापेक्षा जास्त भरते. सुरुवातीला वजन उतरतं, कारण सूज, पाणी आणि ऑपरेशनचा धसका असतो. पुढे काटा हलत नाही आणि माणूस म्हणतो बँड निकामी आहे. बँडला काम करू दिलं नाही, तर तो काय करणार?

पोळी छातीत बसते त्याचं वेगळं. पोळी, पाव, चिकट भात, उकडीचे मोदक हे चावून परत एकमेकांना चिकटतात. पोळीऐवजी आधी ज्वारीची भाकरी करून बघा, कडा काढून, पातळ, डाळीत न बुडवता. बऱ्याच जणांना ती जमते. पोळीसाठी सूपवर परत जाऊ नका.

---

ताटवाटी

मी आहारतज्ज्ञ आहे, बँडचे रुग्ण आता कमी येतात पण येतात. सदाफुलीताईंनी लिहिलेलं पटलं, थोडी भर घालते.

दिवसाला साधारण ६० ग्रॅम प्रथिनं, पातळ आहाराच्या टप्प्यातसुद्धा. हे नुसत्या कढणानं होत नाही. ३० ग्रॅम कोरड्या मूगडाळीत सात ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात, म्हणजे एक पेला स्निग्धांश काढलेल्या दुधाइतकी. म्हणून कढण, दूध, गाळलेलं ताक, मांसाहारी असाल तर चिकन शिजवून त्याच पाण्यात मिक्सरला लोण्यासारखं वाटून गाळलेलं, आणि लागलं तर साखर नसलेली व्हे पावडर (दुधातल्या प्रथिनांची भुकटी). मटणाच्या अळणी पाण्याबद्दल लोकांचा फार विश्वास आहे. चव आहे, मीठ आहे, पाणी जातं, ते सगळं चांगलंच. पण मांस बाजूला काढून नुसतं पाणी दिलंत तर त्यात प्रथिनं थोडीच.

पाणी दिवसाला दीड ते दोन लिटर. एका वेळी पेला रिकामा करायचा नाही. एप्रिल-मेमध्ये पुण्यात ऊन चढतं तेव्हा हे अवघड जातं, म्हणून बाटली बरोबर ठेवून सतत घोट. सोडा, कोल्ड्रिंक नको. स्ट्रॉ नको, हवा गिळली जाते आणि वरच्या छोट्या जागेत दुखतं.

गोळ्यांबद्दल : मोठ्या गोळ्या कुटून किंवा सिरपमध्ये घ्यायला सांगतात. पण सगळ्याच कुटू नका. ज्या गोळ्या पोटात हळूहळू विरघळण्यासाठी बनवलेल्या असतात त्या कुटल्या तर सगळं औषध एकदम अंगात जातं. बीपीच्या, शुगरच्या काही गोळ्या अशा असतात. डॉक्टरांना गोळी दाखवून विचारा. आणि अंगदुखीसाठी मनानं पेनकिलर घेऊ नका, पट्टीच्या जागी जठराला जखम होऊ शकते.

---

जुनीपेठ

माझ्या सुनेचं हे ऑपरेशन झालं तेव्हा तिचं सगळं मीच केलं, म्हणून लिहिते. रोज कढण म्हटलं की पोरगी तोंड फिरवायची. मी कुळथाची पिठी केली, अगदी पातळ, लसूण ठेचून घालून नंतर गाळून. ती आवडली तिला. टोमॅटोचं सार, आमसुलाचं सार, नाचणीची आंबील ताक घालून, भाताची पेज मेतकूट लावून. चव बदलली की पोटात जातं. आजारी माणसाला एकच एक वाडगा समोर ठेवायचा नाही, वाट्या छोट्या आणि दोन प्रकार.

सदाफुली, सोलकढी चालते का? आमच्याकडे रविवारी असतेच.

---

सदाफुली

काकू, तुमच्या सुनेचं नशीब थोर. कुळथाची पिठी माझ्या डोक्यातच आली नव्हती, प्रथिनांनाही ती चांगली.

सोलकढी पहिल्या दोन आठवड्यांत चवीपुरती, नारळाचं दूध पातळ करून. पुढे मात्र जपून, कारण नारळाच्या दुधात स्निग्धांश भरपूर आणि ती सरळ खाली उतरते. पेज आणि सार यांचंही तसंच. तोंडाला चव येते म्हणून जरूर द्या, पण पोट भरलं असं धरू नका. प्रत्येक वेळी एक वाटी प्रथिनांची आधी, मग सार.

याच न्यायानं मस्तानी, उसाचा रस, फालुदा, आमरस. पहिल्या घोटापासून शेवटच्या घोटापर्यंत बँडला यांचा पत्ताही लागत नाही. पुण्यात उन्हाळ्यात चार जण बाहेर पडले की मस्तानी होतेच, आणि पोळी न जाणाऱ्या माणसालाही अख्खा पेला जातो. एवढं एक ध्यानात ठेवलं तरी पुरे.

---

कॅम्पातला

मी स्लीव्हवाला. मी आजही सकाळचा नाश्ता म्हणून प्रोटीन शेक घेतो, सर्जननीच सांगितलंय, आणि वजन छान राहिलंय. इतकं घाबरवायची गरज आहे का?

---

ताटवाटी

स्लीव्हमध्ये जठराचा मोठा भाग काढूनच टाकतात. त्याबरोबर भुकेचं संप्रेरक तयार करणारा भागही बराचसा जातो. तिथे भूक कमी होण्याचं कारणच वेगळं. बँडमध्ये जठर सगळं जागेवर आहे. तृप्ती यायची ती त्या मानेवरच्या दाबातूनच. तुमचा शेक तुम्हाला योग्य, वेताळटेकडी यांना रोजच्या नाश्त्याला मी तो देणार नाही. त्यांना मी अंड्याची भुर्जी, पनीर, मऊ उसळ सांगेन.

बँडला अमेरिकेत एफडीएची मान्यता २००१ मध्ये मिळाली, त्यानंतर काही वर्षं तो जगभर खूप केला गेला. मग स्लीव्ह आली आणि बँड मागे पडला. त्यामुळे हल्ली मिळणारे बहुतेक आहारतक्ते स्लीव्हचे असतात. सदाफुलीताईंनी सुरुवातीला म्हटलं ते खरं आहे.

---

श्रावणसर

गेले दोन तास हा धागा वाचते आहे. माझा बँड जुना आहे. मागच्या आठवड्यात सलाईन भरून घेतलं, कारण घरात लग्न आहे आणि त्याआधी थोडं उतरवायचं होतं. तेव्हापासून मऊ भातसुद्धा जात नाही. सूप, चहा, ताक एवढंच जातं. काही खाल्लं की तोंडात फेसाळ लाळ येते आणि ते वर येतं. रात्री आडवी झाले की खोकला. दोन उशा घेऊन झोपते. वजन मात्र उतरतंय, त्यामुळे घरचे खूश आहेत. लग्नापर्यंत सूपवर काढावं आणि मग दाखवावं असं ठरवलं होतं. हे वाचून धास्ती वाटतेय.

---

सदाफुली

श्रावणसर, लग्नापर्यंत थांबू नका. आज फोन करा, उद्या जा.

घन काही जात नाही, फेस येतो, रात्री खोकला येतो, ही तिन्ही लक्षणं पट्टी जास्त आवळल्याची आहेत. सुजेमुळे असेल, सलाईन जास्त झालं असेल, किंवा पट्टी सरकली असेल. कुठलं ते डॉक्टरच बघून सांगतील, कदाचित बेरियम पाजून एक्स-रे काढतील. झोपेत वर आलेलं श्वासनलिकेत गेलं तर न्यूमोनिया होतो. असंच बरेच दिवस राहिलं तर अन्ननलिका रुंदावते, पट्टीच्या वरची जागा ताणली जाते, आणि मग बँडच काढायची वेळ येते. सततच्या उलट्यांनी बी१ जीवनसत्त्व कमी पडतं, त्याचा त्रास थेट नसांना होतो.

आणि हे इथे वाचणाऱ्या सगळ्यांसाठी : पाण्याचा घोटही आत राहत नसेल, किंवा पोटात जोराची कळ येऊन थांबत नसेल, तर सकाळची वाट बघायची नाही. रात्री असलात तरी इमर्जन्सीत जायचं, आणि तिथल्या डॉक्टरांना आधी सांगायचं की पोटाला बँड आहे, कातडीखाली पोर्ट आहे. ड्युटीवरच्या तरुण डॉक्टरांनी बँड कधी पाहिलेला नसण्याची शक्यता आहे. ऑपरेशनचा कागद मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा.

वजन उतरतंय म्हणून चांगलं चाललंय असं घरच्यांना वाटतं, त्यांचा काही दोष नाही. पण उपासमारीनंही वजन उतरतं. तुम्ही सूप प्यायचं ठरवलेलं नाही, सूपशिवाय काही जातच नाही. या दोन गोष्टींत फार अंतर आहे.

---

ताटवाटी

सदाफुलीताईंच्या प्रत्येक शब्दाला दुजोरा. श्रावणसर, जाईपर्यंत आडवं होण्याच्या आधी दोन-तीन तास काही पिऊ नका आणि घन खायचा प्रयत्न करू नका. पाणी मात्र बंद करू नका, जागेपणी घोट घोट घ्या.

---

जुनीपेठ

बाळा, जा गं उद्याच. लग्नात साडी कुठलीही नेसता येते.

---

श्रावणसर

सगळ्यांचे मनापासून आभार. जाऊन आले. पट्टी सरकलेली नाही. त्यांनी थोडं सलाईन काढलं, सुई काढल्यावर तिथेच उभं करून पेलाभर पाणी प्यायला लावलं. सरळ खाली गेलं, काही फुगलं नाही. इतक्या दिवसांत असं पाणी गेलंच नव्हतं. दोन दिवस पातळ, मग मऊ, मग नेहमीचं असं सांगितलंय. रात्री खोकला नाही. डॉक्टर म्हणाले, पट्टी बरोबर जुळलेली असेल तर मऊ नव्हे, चावून खायचं जेवण जायला हवं, आणि थोडक्यात पुरायला हवं.

---

सदाफुली

वाचून जीव भांड्यात पडला. दर वेळी सलाईन भरलं की हाच छोटा क्रम असतो : एक-दोन दिवस पातळ, मग मऊ, मग घन. ते एक-दोन दिवस कढण-सार काढून ठेवायचं. पातळाचा खरा उपयोग बँडवाल्याला आयुष्यभर इतकाच. एरवी ताप, पोट बिघडणं, एखादा घास अडकून जागा सुजणं, तेव्हा एखादा दिवस.

---

वेताळटेकडी

जेवताना पाणी प्यायचं की नाही? एक डॉक्टर म्हणतात अजिबात नाही, दुसरे म्हणाले घोटभर चालतं. आणि आमटी? आमटीशिवाय मला जेवण जात नाही.

---

सदाफुली

मला पहिल्यापासून सांगितलेला नियम : जेवणाआधी पिऊन घ्या, जेवताना नाही, जेवणानंतर अर्धा ते एक तास नाही. काही सर्जन हल्ली याबाबत सैल आहेत. मी नियम सोडलेला नाही, कारण घासामागून पाणी ओतायची सवय लागली की चावणं कमी होतं, हे मी आजूबाजूला पुष्कळ पाहिलं आहे. तोंड कोरडं पडलं तर ओठ भिजतील इतका घोट, याला कोणाची हरकत नसावी.

आमटी सोडायची गरज नाही, घट्ट करा. डाळ जास्त, पाणी कमी, शेवग्याच्या शेंगा नकोत, त्यांचे धागे अडकतात. मेथी-पालक घातला तर अगदी बारीक चिरून. भाकरीचा छोटा तुकडा, त्यावर बोटानं उचलता येईल इतकी घट्ट आमटी, मग चावायचं. भाकरी आमटीत कुस्करून काला केला तर तो सूपच झाला. उसळ असेल तर आधी उसळीचे घास, आमटी मागून. पिठलं घट्ट चांगलं, भाकरीवर बसतं.

आणि लग्नाच्या पंगतीत मठ्ठा वाढायला आले तर वाटी बाजूला ठेवायला सांगा, तासाभरानं प्या.

---

वेताळटेकडी

आज घट्ट पिठलं आणि अर्धी भाकरी. वीस मिनिटं लागली. दुपारी एकला जेवलो, आता साडेचार वाजलेत, चहाची आठवण आली नाही.

---

जुनीपेठ

कुळथाच्या पिठीचं प्रमाण दोघींनी निरोपात विचारलंय, इथेच देते. चार वाट्या पाण्याला तीन चमचे पीठ, गार पाण्यात आधी कालवून घ्यायचं म्हणजे गुठळी होत नाही. उकळी आली की सतत ढवळायचं. ऑपरेशननंतरच्या माणसाला गाळून. पुढे तीच पिठी आठ चमचे पीठ घालून घट्ट करायची आणि भाकरीवर घ्यायची.